खेळण्यावरचा शिक्का खरा की खोटा, हे कोणी पाहावयाचे?

मार्वेच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की खाडीपलीकडचे मनोरी काही मिनिटांत गाठता येते. रस्त्याने जावयाचे तर भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा घ्यावा लागतो. मुंबई उपनगर जिल्ह्याच्या या टोकाला राहणाऱ्या कुटुंबांना रोजच्या किरकोळ गरजेपलीकडची खरेदी करावयाची झाली की खाडी ओलांडून मालाडच्या बाजारात यावे लागते. अशाच एखाद्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. मुलाचा वाढदिवस आहे. बाप पदपथावरच्या गाडीवरून थोडक्या पैशांत, दिवे लागणारी आणि आवाज करणारी मोटार विकत घेतो. खोक्यावर रंगीत चित्र आहे, कोपऱ्यात दोन-तीन शिक्के आहेत, ‘बिनविषारी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत. परतीच्या बोटीतच मूल त्या मोटारीचे चाक तोंडात घालते. चाकाच्या रंगात शिसे आहे काय, मोटारीच्या पोटातील बटणाएवढी बॅटरी नखाने उघडणाऱ्या झाकणाखाली आहे काय, आणि कोपऱ्यातला तो शिक्का खरा आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या बापाजवळ नाहीत. मग ती कोणाजवळ आहेत? आणि ज्यांच्याजवळ असावयास हवीत, ते ती शोधतात काय? खेळण्यांच्या सुरक्षिततेचा सारा प्रश्न या दोन वाक्यांत सामावलेला आहे.

कायदा नाही, अशी तक्रार आज कोणाला करता येणार नाही. खेळण्यांच्या सुरक्षिततेची भारतीय मानके फार पूर्वीपासून अस्तित्वात होती. परंतु ती पाळणे न पाळणे हे उत्पादकाच्या मर्जीवर होते. २५ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्र सरकारने खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रणाचा आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी बनविलेली वस्तू, मग ती देशात झालेली असो वा परदेशातून आलेली असो, भारतीय मानक ब्यूरोच्या परवान्याखाली तयार झालेली आणि आय.एस.आय. चिन्ह धारण करणारी असलीच पाहिजे, असे बंधन या आदेशाने घातले. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे १ एप्रिल १९८७ रोजी ब्यूरोत रूपांतर झाले. पण जुन्या संस्थेच्या नावाची ती तीन अक्षरे लोकांच्या मनात इतकी रुजली होती की चिन्ह तेच राहिले. प्रेशर कुकर किंवा सिमेंटचे पोते घेताना जे चिन्ह आपले वडील पाहत, तेच आता मुलाच्या बाहुलीवर असावयास हवे, इतका हा साधा नियम आहे.

हा नियम एकाएकी सुचलेला नव्हे. २००७ च्या ऑगस्टमध्ये मॅटेल या जगातील अग्रगण्य अमेरिकी कंपनीला चीनमध्ये तयार झालेली खेळणी लाखोंच्या संख्येने बाजारातून परत बोलवावी लागली होती. काहींच्या रंगात शिसे आढळले. तर सुमारे एक कोटी ऐंशी लाख खेळण्यांतील लहान पण शक्तिमान लोहचुंबक सुटून मुलांच्या पोटात जाण्याचा धोका होता. नामांकित कंपनीचे नाव ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हा धडा अमेरिकेने त्यातून घेतला आणि पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, कायदा करून मुलांच्या वस्तूंची त्रयस्थ प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची केली. आपल्याकडे २००९ च्या जानेवारीत चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घालण्यात आली. पण दोन महिने होण्याच्या आतच ती शिथिल करून प्रमाणपत्र असलेल्या मालाला वाट मोकळी करून देण्यात आली. २०१० मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने बाजारातील खेळण्यांत थॅलेट नावाची, प्लॅस्टिक मऊ करणारी रसायने असल्याचे दाखवून दिले. पुढे २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने दिल्ली परिसरात गिऱ्हाईक बनून खेळणी विकत घेतली आणि तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने कसोटीला उतरले नाहीत. नमुने थोडे होते आणि एकाच शहराच्या परिसरातले होते, हे खरे. पण तीन खेळण्यांपैकी दोन नापास होणे ही नमुना लहान म्हणून झटकून टाकण्यासारखी गोष्ट नव्हती.

कसोटी कशाची?

ही कसोटी म्हणजे नेमके काय, हे पालकांना क्वचितच सांगितले जाते. आय.एस. ९८७३ या मानकाचे अनेक भाग आहेत. पहिला भाग यांत्रिक गुणधर्मांचा आहे: खेळणे पाडून, ओढून, पिळून पाहावयाचे आणि त्यातून सुटलेला तुकडा एका लहानशा नळकांड्यात बसतो काय ते तपासावयाचे. या नळकांड्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तो लहान मुलाच्या घशाच्या मापाचा आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा जो तुकडा त्यात मावतो, तो त्याच्या घशात अडकू शकतो. दुसरा भाग खेळणे किती लवकर पेट घेते हे पाहतो. तिसरा भाग शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांसारखी द्रव्ये पोटातील आम्लात किती विरघळतील, ते मोजतो. त्यात शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम इतकी आहे. थॅलेटसाठी स्वतंत्र भाग आहे, आणि विजेवर अथवा बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आय.एस. १५६४४ हे वेगळे मानक आहे.

या कोरड्या आकड्यांमागे मुलांचे जीव आहेत. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांच्या अवधीतही ती तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकते. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वळशांना चिमटीत धरून भोके पाडू शकतात. शिशाचे तर लक्षणही दिसत नाही. ते मुलाच्या बुद्धीवर, एकाग्रतेवर आणि वागण्यावर हळूहळू परिणाम करते. त्याची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो, दुर्लक्ष करणारा म्हणतो. त्याच्या रक्तात शिसे किती आहे हे कोणी विचारीत नाही. शिक्षकांनी या गोष्टीचा विशेष विचार करावा असे वाटते.

शिक्का कसा ओळखावा?

खरे चिन्ह ओळखणे अवघड नाही. परंतु नुसते चिन्ह पाहून भागत नाही. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक, म्हणजे आय.एस. ९८७३ किंवा आय.एस. १५६४४, असावा लागतो आणि खाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक. हा क्रमांक हेच चिन्हाचे प्राण आहेत. चित्र कोणालाही छापता येते. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो क्रमांक घातला की परवाना कोणाच्या नावावर आहे, कारखाना कोठे आहे, परवाना कोणत्या वस्तूसाठी आहे आणि तो चालू आहे की संपला आहे, हे समोर येते. खोक्यावरचे नाव एक आणि परवान्यावरचे दुसरे निघाले, किंवा परवाना बाहुलीचा आणि माल बॅटरीच्या मोटारीचा निघाला, तर तो शिक्का खोटा समजावा आणि त्याच अ‍ॅपवरून तक्रार नोंदवावी. युरोपातील ‘सीई’ हे चिन्ह, ‘प्रयोगशाळेत तपासलेले’, ‘बिनविषारी’ ही अक्षरे यांपैकी काहीही भारतीय परवान्याची जागा घेऊ शकत नाही. ‘सीई’ हे तर बहुतेक खेळण्यांच्या बाबतीत उत्पादकाने स्वतःच केलेले निवेदन असते.

येथे एक गोष्ट मनाला खटकल्यावाचून राहत नाही. याच अ‍ॅपमध्ये सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्कचा क्रमांकही पडताळता येतो. २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि मध्यमवर्गीय गृहिणी सराफाच्या दुकानात क्रमांक तपासून घेऊ लागली, ही समाधानाची गोष्ट आहे. दोन ग्रॅमच्या अंगठीत तांबे किती, हे आपण भिंग घेऊन पाहतो; परंतु तान्ह्या मुलाच्या तोंडात जाणाऱ्या खुळखुळ्याचा क्रमांक पाहण्याची आपल्याला आठवण होत नाही. अंगठी खोटी निघाली तर पैसे जातात. खुळखुळा खोटा निघाला तर काय जाते, याचा विचार आपण करीत नाही.

तथापि, सारा दोष पालकांच्या माथी मारून मोकळे होणे हा अन्याय होईल. क्रमांक पडताळण्यासाठी आधी क्रमांक असावा लागतो. पदपथावर, जत्रेत, लोकलच्या डब्यात, समुद्रकिनारी विकले जाणारे खेळणे बहुधा सुटे असते. त्याला खोके नसते, पावती नसते आणि विक्रेता उद्या त्याच जागी सापडेल याची खात्री नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, हे खरे. पण हातगाडीवरच्या मोटारीची तक्रार कोणत्या कागदाच्या आधारे करावयाची? ज्याची मिळकत बेताची, त्याची खरेदी सुट्या मालाची. म्हणजे ज्याला कायद्याच्या आधाराची गरज सर्वांत अधिक, त्याच्यापर्यंत तो सर्वांत कमी पोहोचतो.

यावर कोणी म्हणेल की, लोकांनी असला माल घेऊच नये. या उपदेशाला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. १९९९ साली जॉर्ज फाउंडेशन या संस्थेने मुंबईसह देशातील मोठ्या शहरांत मुलांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा बारा वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांत शिशाचे प्रमाण त्या काळी धोक्याच्या मानल्या जाणाऱ्या पातळीच्या वर आढळले. त्याचे एक मोठे कारण पेट्रोलमधील शिसे हे होते. २००० साली शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशभर थांबली. ते शिसे एकाही पालकाच्या दक्षतेने गेले नाही, सरकारने ते काढावयास लावले म्हणून गेले. घरगुती रंगांतील शिशावरही नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षांत ९० भागांची मर्यादा आली, ती सरकारी नियमानेच. डोळ्यांना दिसत नाही अशा विषापासून संरक्षण हे व्यक्तीचे काम नव्हे. नागरिकाने सावध असावे. पण त्याच्या सावधपणावर राज्यसंस्थेने आपली जबाबदारी टाकू नये.

यश कशाने मोजावयाचे?

मग राज्यसंस्था काय करीत आहे? २०२३ च्या जानेवारीत सरकारने जाहीर केले की, त्याआधीच्या महिनाभरात ब्यूरोने देशभर ४४ छापे घालून १८,६०० खेळणी जप्त केली आणि ऑनलाइन विक्री करणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांना नोटिसा गेल्या. हे छापे प्रामुख्याने मोठ्या विमानतळांवरील आणि मॉलमधील दुकानांवर होते. ही कारवाई योग्यच होती. किंबहुना, झगमगत्या दुकानातही बिनशिक्क्याचा माल मिळतो हे तिने सिद्ध केले. परंतु विमानतळावर खेळणी घेणारा वर्ग कोणता आणि मालाडच्या पदपथावर घेणारा कोणता, हे सांगावयास नको. ब्यूरोचे मुंबईतील कार्यालय, ‘मानकालय’, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. म्हणजे मनोरी आणि हे मानकालय एकाच उपनगर जिल्ह्यात आहेत. जिल्हा एक असला तरी त्या दोहोंमधले अंतर केवळ खाडीचे नाही.

याहून मूलभूत प्रश्न यशाच्या मोजमापाचा आहे. आदेश आल्यापासून सरकारकडून सर्वांत अधिक वेळा सांगितला गेलेला आकडा आयातीचा आहे: २०१८-१९ मध्ये सुमारे ३७ कोटी १० लाख डॉलरची असलेली खेळण्यांची आयात २०२१-२२ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरवर आली, आणि निर्यात वाढली. देशी उद्योगाला बळ मिळाले, याबद्दल आनंद मानावयास हरकत नाही. मात्र याच काळात खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून २०२० मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. त्यामुळे हा सारा व्यवहार सुरक्षिततेचा की व्यापारसंरक्षणाचा, अशी शंका काही अर्थतज्ज्ञांनी घेतली, ती अगदीच अस्थानी म्हणता येत नाही. दोन्ही हेतू एकत्र नांदू शकतात. पण त्यांची फूटपट्टी एक असू शकत नाही. आयात घटल्याने देशी कारखान्याचा लाभ मोजता येतो. मुलांच्या घशात अडकणारे तुकडे किती कमी झाले, हे त्यावरून कळत नाही. विष परदेशी असो की स्वदेशी, मुलाच्या रक्तात ते सारखेच मिसळते.

लहान उत्पादकांचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे आणि खेळणी ही महाराष्ट्राच्या कलेची ओळख आहे. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना, तसेच भौगोलिक चिन्हांकनाखाली नोंदलेल्या वस्तूंना, या आदेशातून सूट देण्यात आली. सूक्ष्म उद्योगांना स्वतःची प्रयोगशाळा उभारण्याच्या अटीतून काही काळ सवलत मिळाली. ही सूट न्याय्य आहे. प्रयोगशाळेचा खर्च सोसणे एकट्या कारागिराच्या आवाक्यातले नव्हे. तरीही सूट शिक्क्यापासून मिळते, शिशापासून मिळत नाही. म्हणून अशा कारागिरांना निर्धोक रंग स्वस्तात पुरविणे आणि त्यांच्या मालाचे नमुने सरकारी खर्चाने तपासून देणे, हे राज्य सरकारचे कर्तव्य ठरते. त्यात त्यांचेही हित आहे. कारण तपासलेल्या लाकडी खेळण्याला पालक आपण होऊन दोन पैसे अधिक देतील.

काय करावयास हवे?

पहिली गोष्ट, तपासणीचा ओघ पदपथाकडे वळला पाहिजे. पण त्याचा मार गाडीवाल्यावर बसता कामा नये. गाडीवाला घाऊक बाजारातून माल उचलतो. त्याच्या गाडीवरचा नमुना विकत घ्यावा, तपासावा आणि तेथून मागे जात घाऊक व्यापारी आणि उत्पादक किंवा आयातदार यांना गाठावे. २०१६ च्या मानक ब्यूरो कायद्याने पहिल्याच अपराधाला किमान दोन लाखांचा दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, आणि सदोष माल परत बोलाविण्याचा अधिकार, अशी कडक तरतूद केली. ही हत्यारे बड्या माशासाठी घडविलेली आहेत. त्यांनी रोज शे-दोनशे कमावणाऱ्याची टोपली उधळणे हा त्यांचा दुरुपयोग होईल.

दुसरी गोष्ट, तपासणीचे निकाल लोकांच्या भाषेत प्रसिद्ध झाले पाहिजेत. किती खेळणी जप्त झाली हा आकडा बातमीपुरता ठीक आहे. कोणत्या नावाचे, कोणत्या परवान्याचे खेळणे कोणत्या कारणाने नापास झाले, हे मराठीत कळल्यावाचून मनोरीच्या पालकाला त्याचा काय उपयोग? या शहराला ग्राहक चळवळीची मोठी परंपरा आहे. ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’ १९६६ पासून आणि मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून येथे काम करीत आहे. अशा संस्थांना नमुने गोळा करण्यासाठी आणि त्यांच्या तपासणीसाठी सार्वजनिक पैसा मिळावा.

तिसरी गोष्ट, अपघातांची नोंद. अमेरिकेत गेल्या शतकातील सत्तरीच्या दशकापासून निवडक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतून, कोणत्या वस्तूने कोणाला कशी इजा झाली, याची माहिती गोळा करण्याची पद्धत पडली. त्यातूनच कोणती वस्तू बाजारातून काढावी हे ठरत आले. आपल्याकडे त्या तोडीची व्यवस्था उभी राहिलेली नाही. महापालिकेच्या रुग्णालयात बॅटरी गिळलेले मूल आले, तर ती बॅटरी काढली जाते आणि कागदावर ‘बाह्य वस्तू’ एवढीच नोंद उरते. ती कोणत्या खेळण्यातून आली, हा रकाना केसपेपरवर वाढविण्यास नव्या कायद्याची गरज नाही.

आणि शेवटी, शाळा. अंगणवाड्या, बालवाड्या आणि शाळा यांच्यासाठी सार्वजनिक पैशातून खेळणी घेतली जातात. त्या खरेदीच्या प्रत्येक फायलीत परवाना क्रमांक आणि तो पडताळल्याची तारीख लिहिलेली असावी. हे काम कारकुनाचे आहे आणि पाच मिनिटांचे आहे. एखाद्या शिक्षकाने आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना घरातल्या धाकट्या भावंडांच्या खेळण्यांवरचे क्रमांक उतरवून आणावयास सांगावे, वर्गात ते पडताळावेत आणि खोटे निघालेले क्रमांक ब्यूरोला कळवावेत. नागरिकशास्त्राचा याहून चांगला धडा कोणता असेल?

शिक्का हे एक वचन आहे. ते देणारा कारखाना असतो, त्याची ग्वाही राज्यसंस्था देते आणि त्यावर विसंबणारा मनोरीच्या बोटीतला तो बाप असतो. त्याने क्रमांक पाहावा, हे त्याला जरूर सांगावे. परंतु त्याआधी त्याच्या हातातल्या खेळण्यावर क्रमांक असेल आणि तो खरा असेल, याची व्यवस्था करणाऱ्यांनी आपले काम पुरे केले आहे काय, हे विचारण्याचा अधिकार त्याला आहे. आयातीच्या आकड्यांनी त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.